जावातील खेडे आणि जमिनीचा कागद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'इंडोनेशियातील ग्रामजीवन' असा दिला आहे. सतरा हजारांवर बेटे आणि सुमारे ७५ हजार खेडी असलेल्या देशाविषयी तासाभरात सर्व काही सांगण्याचा आव मी आणणार नाही. जावा बेटावरील भात पिकवणारे एक सामान्य, लहान खेडे आपण डोळ्यांसमोर ठेवू आणि त्याच्यासंबंधी एकच प्रश्न विचारू. या खेड्यात जन्मलेल्या माणसाने तिथेच राहायचे, तिथेच संसार करायचा असे ठरवले, तर त्याच्या वाट्याला जमीन किती येते, ती कोणत्या हक्काने येते आणि त्याच्याकडे किती काळ टिकते?

हा प्रश्न आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. १९५३ साली रंगूनला आशियाई समाजवादी परिषद स्थापन झाली तेव्हा भारत, ब्रह्मदेश आणि इंडोनेशिया येथील समाजवादी पक्षांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला होता. परिषदेचे दुसरे अधिवेशन १९५६ च्या नोव्हेंबरात आपल्या मुंबईतच भरले. इंडोनेशियाच्या समाजवादी पक्षाचे नेते सुतान शाहरीर हे त्या देशाचे पहिले पंतप्रधान. विद्वान, स्वच्छ, लोकशाहीवर अविचल निष्ठा असलेला माणूस. परंतु १९५५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांच्या पक्षाला अवघ्या ५ जागा मिळाल्या. कम्युनिस्टांना ३९ मिळाल्या. समाजवाद्यांचा पक्ष शहरातील सुशिक्षितांच्या अभ्यासमंडळांत वाढला होता आणि भाताच्या बांधावर तो फारसा पोहोचलाच नव्हता. १९६० मध्ये सुकार्नो यांनी त्या पक्षावर बंदी घातली. शाहरीर १९६२ मध्ये तुरुंगात गेले आणि १९६६ मध्ये झुरिच येथे वारले. पुढे जे सांगायचे आहे ते ऐकताना हा तपशील मनात असू द्यावा, एवढीच विनंती.

प्रथम बेटाचे आकारमान. जावाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. २०२० च्या जनगणनेत तिथे १५ कोटींहून अधिक माणसे मोजली गेली. ज्वालामुखींच्या राखेने सुपीक झालेली माती, बाराही महिने ऊब, डोंगरातून उतरणारे पाणी आणि पायऱ्यापायऱ्यांची खाचरे यांच्या बळावर ही माणसे जगत आली. ओलिताच्या भातखाचराला तिथे 'सावाह' म्हणतात. घराभोवतीच्या परसाला 'पेकारांगान' म्हणतात. नारळ, केळी, फणस, टॅपिओका, मिरची, औषधी झुडपे, दोन कोंबड्या आणि एखादे मत्स्यतळे असे सर्व त्या चार गुंठ्यांत दाटीने असते. आपल्या कोकणातील माणसाला ते पाहून आपल्याच वाडीत आल्यासारखे वाटेल. मात्र कोकणी माणसाला वरकस, डोंगर आणि समुद्र अशी काही तरी मागची बाजू असते. जावातल्या खेड्याच्या पाठीशी दुसरे खेडेच लागून असते.

या खेड्यात सगळे सारखे होते आणि वसाहतवादाने विषमता आणली, असे चित्र रंगवण्याचा मोह आपल्या मंडळींना होतो. ते खरे नाही. जुन्या जावी गावात दर्जा ठरलेले होते. ज्याला सावाह, परस आणि घर तिन्ही आहेत तो पूर्ण गावकरी. काही भागांत त्याला 'गोगोल' म्हणत. गावाच्या सामाईक सावाहात त्याचा हिस्सा असे, कुठे कायमचा तर कुठे पाळीपाळीने फिरता; आणि वेठ करण्याची जबाबदारीही त्याचीच असे. त्याच्या खालोखाल फक्त घर आणि परस असलेला. त्याच्याही खाली दुसऱ्याच्या परसात झोपडी बांधून राहणारा, आणि सर्वांत शेवटी दुसऱ्याच्या घरात आश्रयाने राहणारा. गावच्या मुखियाला, म्हणजे 'लुराह'ला, आणि त्याच्या हाताखालील कारकून वगैरे मंडळींना पगाराऐवजी गावची उत्तम सावाह तोडून दिलेली असत. या जमिनीला 'बेंगकोक' म्हणतात. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची ही बहीण. फरक इतकाच की बेंगकोक वंशपरंपरेने जात नाही. पद सुटले की जमीन सुटते. आपण १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वतने संपवली. जावात बेंगकोक आजही आहे. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

डचांनी या रचनेचा पुरेपूर उपयोग केला. १८३० पासून त्यांनी सक्तीच्या पिकांची पद्धत आणली. गावाने आपल्या जमिनीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात ऊस, नीळ असे निर्यातीचे पीक काढून सरकारला द्यावे, असे तिचे कागदावरचे रूप. प्रत्यक्षात मागणी पुष्कळ ठिकाणी त्याहून अधिक असे. जावाच्या घामावर हॉलंडची तिजोरी भरली. पुढे १८७० च्या जमीन कायद्याने मालकी सिद्ध न करता येणारी सर्व जमीन सरकारची ठरवली आणि ती मळेवाल्यांना ७५ वर्षांपर्यंतच्या दीर्घ पट्ट्याने देण्याची वाट मोकळी केली. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याकडे कागद नसतो, आणि कागद नाही म्हणून जमीन सरकारची! आपल्या आदिवासी भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा युक्तिवाद कुठे तरी ऐकल्यासारखा वाटेल.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे मांडले की, लोकसंख्या वाढत गेली तसतसे जावी गावाने त्याच खाचरात अधिकाधिक हात सामावून घेतले आणि गरिबी वाटून घेतली. ही कल्पना जगभर गाजली. नंतरच्या संशोधकांनी तिच्यातील दोष दाखवून दिले आणि मला त्यांचे म्हणणे पटते. गरिबी वाटून घेतली जात होती ती मुख्यतः गरिबांमध्ये. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भूमिहीनाला गावात राहू देणाऱ्या काही चालीरीती होत्या, आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची सुगीच्या वेळची होती.

भात पिकले की गावातल्या, शेजारच्या गावांतल्या बायका तळहातात मावणारे 'आनी-आनी' नावाचे छोटे पाते घेऊन शेतात उतरत आणि एकेक लोंबी खुडत. कोणालाही मज्जाव नसे. जिने जितके खुडले त्याचा ठरावीक हिस्सा तिचा. हिस्सा गावोगावी वेगळा असे. नात्यातल्या, ओळखीच्या बाईला थोडा सढळ. भूमिहीन घराची वर्षाची चूल पुष्कळशी या वाट्यावर पेटे. नंतर ते भात उखळात कांडण्याचे कामही बायकांनाच मिळे. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात या हक्काची नोंद नव्हती. तरी तो जमिनीवरचाच हक्क होता, असे माझे म्हणणे आहे.

आता कायद्याकडे येऊ. २४ सप्टेंबर १९६० रोजी इंडोनेशियाने जमिनीचा मूलभूत कायदा केला. १९४५ च्या राज्यघटनेत जमीन, पाणी आणि नैसर्गिक संपत्ती जनतेच्या जास्तीत जास्त भल्यासाठी वापरली जावी असे कलम होतेच. त्याला या कायद्याने हातपाय दिले. सर्व जमीनहक्कांना सामाजिक कर्तव्य जोडलेले आहे, असे कलम ६ सांगते. प्रमाणाबाहेर जमीन बाळगता येणार नाही. शेतजमिनीचा धनी असेल त्याने ती तत्त्वतः स्वतः कसली पाहिजे. पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळेल. त्याच वर्षीच्या दुसऱ्या हुकुमाने कमाल मर्यादा घातली : अतिदाट वस्तीच्या भागात सावाह ५ हेक्टर किंवा कोरडवाहू ६ हेक्टर. प्रत्येक शेतकरी कुटुंबाला निदान २ हेक्टर मिळावेत, असे उद्दिष्टही लिहून ठेवले. आणि त्या हुकुमात एक कलम असे होते की ते वाचून आपल्याकडच्या सावकारी निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना हेवा वाटावा : गहाण घेतलेली शेतजमीन ज्याने ७ वर्षे किंवा अधिक काळ वापरली असेल, त्याने ती एक पैही न घेता मूळ मालकाला परत करावी. बटाईदारांसाठी वेगळा कायदा झाला. लेखी करार मुखियासमोर झाला पाहिजे. ओलिताला किमान ३ वर्षे आणि कोरडवाहूला ५ वर्षे मुदत असली पाहिजे.

आपला कुळकायदा १९४८ चा, कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा आणि कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. म्हणजे दोन्हीकडे एकाच काळात, जवळजवळ एकाच भाषेत, हीच आश्वासने दिली गेली. पळवाटाही सारख्याच निघाल्या. जमीन भावाच्या, भाच्याच्या, गड्याच्या नावे झाली; धार्मिक संस्थांना दान दिल्याचे दाखवले गेले; वाटप समित्यांवर ज्यांची जमीन जायची तेच बसले. फरक पुढे पडला.

कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेने १९६३ च्या अखेरीपासून मध्य आणि पूर्व जावात, तसेच बालीत, कायदा स्वतःच अमलात आणण्याची मोहीम काढली. तिला 'एकतर्फी कृती' असे नाव पडले. कायद्याने जादा ठरलेली जमीन ताब्यात घ्यायची, बटाईचा कायदेशीर वाटाच द्यायचा, अधिक द्यायचा नाही. क्लातेन जिल्ह्यात आणि इतरत्र यावरून मारामाऱ्या झाल्या. या मोहिमेविषयी आपली मतभिन्नता लपवण्याचे कारण नाही. गावात मध्यम शेतकऱ्याला दुखावून, धर्मशाळांच्या जमिनीला हात लावून आणि राजधानीत सत्तेच्या छायेखाली राहून असा लढा देणे अविचाराचे होते. पण मागणी काय होती? देशाच्या लोकसभेने केलेला कायदा पाळा, एवढीच. आणि तिच्या पदरात काय पडले? ऑक्टोबर १९६५ पासून पुढच्या काही महिन्यांत लष्कराच्या पुढाकाराने जी कत्तल झाली, तिच्यात मेलेल्यांचे अंदाज ५ लाखांपासून १० लाखांपर्यंत आहेत. मध्य जावा, पूर्व जावा आणि बाली येथे तिचा कहर सर्वाधिक होता. ज्या गावांत जमीन वाटली गेली होती, त्यांपैकी अनेक गावांत ती जुन्या धन्याने परत घेतली. जमीन सुधारणेसाठी १९६४ मध्ये स्थापन केलेली खास न्यायालये १९७० मध्ये रद्द झाली. आणि १९६० चा कायदा? तो कोणीही रद्द केला नाही. तो आजही पुस्तकात आहे. २४ सप्टेंबर हा शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

मित्रहो, माझ्या व्याख्यानाचा गाभा येथेच आहे. कायदा राहिला, पण गावात त्याचे नाव घेणारे तोंड उरले नाही. बटाईदाराने 'लेखी करार करू या' म्हणणे म्हणजे स्वतःला कम्युनिस्ट म्हणवून घेणे झाले. सुहार्तो यांच्या राजवटीने तर १९७५ च्या कायद्याने राजकीय पक्षांना जिल्ह्याच्या खाली, म्हणजे खेड्यात, शाखा काढण्यास मनाईच केली. खेडूत जनतेने राजकारणात न पडता 'तरंगत' राहावे आणि निवडणुकीपुरते मत द्यावे, असे हे तत्त्वज्ञान. १९७९ च्या कायद्याने सगळ्या देशातील खेड्यांची रचना एका साच्यात बसवली आणि मुखियाला वरच्या सरकारचा हस्तक करून टाकले.

त्याच काळात हरितक्रांती आली. नवे बियाणे, रासायनिक खत, कर्ज, वर्षाला दोन-दोन पिके. उत्पादन खरोखर वाढले. १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. मध्यंतरी तुडतुड्यांनी पिके फस्त केली. १९८६ मध्ये भातावर फवारायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालून सरकारने शहाणपण दाखवले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु त्या सुगीच्या हक्काचे काय झाले ते पाहा. मालक उभे पीक कापणीआधीच व्यापाऱ्याला विकू लागला. व्यापारी बाहेरचा, त्याला ना शेजारधर्म ना नातेगोते. तो आपली मोजकी टोळी आणतो आणि आनी-आनीऐवजी विळ्याने पीक कापून नेतो. बांधावर उभ्या राहिलेल्या बायकांना त्याने परत पाठवले तर त्यांनी दाद कोणाकडे मागायची? काही ठिकाणी मालकाने नवीच अट घातली. लावणी किंवा निंदणी फुकट करून द्या, तरच कापणीला या. भातगिरण्या आल्या आणि कांडणाचे कामही गेले. जो हक्क कागदावर नव्हता, तो कागदाचा एक तुकडाही न फाडता नाहीसा झाला.

१९९८ मध्ये सुहार्तो गेले, लोकशाही आली, वर्तमानपत्रे मोकळी झाली, शेतकरी संघटना पुन्हा उभ्या राहिल्या. हे मोठेच परिवर्तन आहे आणि त्याचे मोल कमी लेखणारा मी नाही. पण जमिनीची वाटणी? २०२३ च्या कृषिगणनेनुसार, जमीन कसणाऱ्या कुटुंबांपैकी १ कोटी ६९ लाखांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६१ टक्के, कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन आहे. १० वर्षांपूर्वी ही संख्या सुमारे १ कोटी ४२ लाख आणि प्रमाण ५५ टक्के होते. हे आकडे सबंध देशाचे आहेत. जावात परिस्थिती अधिक बिकट आहे. अशा सव्वा एकराच्या आतल्या शेतकऱ्याला तिथे 'गुरेम' म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक ऊ. सरकारी अहवालातही हाच शब्द चालतो. आणि ज्याच्याकडे मुळीच जमीन नाही तो मजूर तर या टक्केवारीत येतच नाही.

गावकऱ्यांचा स्वतःचा एक शब्द आहे, 'चुकुपान'. पुरेसे, ओढाताण न होता भागेल इतके. १९७० च्या दशकात योग्यकार्ताजवळच्या स्रीहार्जो या गावाचा अभ्यास मास्री सिंगारिंबुन आणि डेव्हिड पेनी यांनी केला तेव्हा त्यांनी हाच शब्द मोजमाप म्हणून घेतला. श्रीमंत कोण हे न विचारता 'पुरेसे' किती घरांना आहे हे त्यांनी विचारले आणि अशी घरे फारच थोडी निघाली. आपल्या कार्यकर्त्यांनी पाहणी करताना ही रीत जरूर उचलावी.

यावर सरकारचा उपाय कोणता? कागद. जावी शेतकऱ्याकडे परंपरेने असते ती गावच्या कर-नोंदवहीतील नोंद. ती कर भरल्याचा पुरावा असते, मालकीचा नव्हे. २०१७ पासून सरकारने गावेच्या गावे एकदम मोजून मालकीपत्रे देण्याची मोहीम हाती घेतली. तेव्हा देशातील १२ कोटी ६० लाख तुकड्यांपैकी ४ कोटी ६० लाखांनाच मालकीपत्र होते, असे सरकारच सांगत असे. ही मोहीम मी वाईट म्हणणार नाही. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला कागद मिळालाच पाहिजे; विशेषतः विधवेला, धाकट्या बहिणीला, अशिक्षिताला. २०२१ च्या नियमाने तर जुने परंपरागत पुरावे ५ वर्षांच्या आत नोंदवून घेण्याची मुदत घातली. म्हणजे कागद करून घेणे ही सोय राहिली नाही, सक्ती झाली.

पण जमीन सुधारणेचे काम म्हणून जे आकडे जाहीर होतात त्यांत मोठा भाग या मालकीपत्रांचा असतो. २०१५ ते २०१९ च्या योजनेत ९० लाख हेक्टरांचे उद्दिष्ट होते, त्यातील निम्मे निव्वळ कागद करून देण्याचे. ज्याची जमीन होती त्याच्याच नावावर ती लावणे म्हणजे वाटप कसे होईल? शिवाय कागद हाती आला की जमिनीला चाल येते. मालकीपत्र बँकेत तारण ठेवण्याला इंडोनेशियात विनोदाने 'कागद शाळेत घालणे' म्हणतात. मुलाच्या शिक्षणासाठी, लग्नासाठी, परदेशी नोकरीच्या दलालाला देण्यासाठी कागद शाळेत जातो, आणि पुष्कळांचा तो घरी परतत नाही. कायदा गहाणाला सात वर्षांची मर्यादा घालतो खरा, पण ती जुन्या गावगहाणाला, बँकेच्या तारणाला नव्हे.

दलालाचा उल्लेख आलाच आहे तर गावातील तरुणांविषयी दोन शब्द. पूर्व जावातील पोनोरोगो, तुलुंगागुंग, ब्लितार या जिल्ह्यांतील हजारो स्त्रिया हाँगकाँग, तैवान, मलेशिया येथे घरकाम करतात. गावात शिरल्यावर रंगीत फरश्यांचे पक्के घर दिसले तर समजावे की या घरची लेक किंवा सून परदेशी आहे. घर उभे राहते; त्यात राहतात आजी आणि नातवंडे. साठवलेल्या पैशातून सावाह घ्यावी तर तिचा भाव आता भाताच्या उत्पन्नावर ठरत नाही, रस्ता कुठून जाणार यावर ठरतो. भातातून त्या किमतीची फेड एका आयुष्यात होणे कठीण.

भाव चढवणारा दुसरा गिऱ्हाईक परदेशी. हा प्रकार बालीत उघड दिसतो. परकीयाला पूर्ण मालकी मिळत नाही. त्याने ती आडवाटेने मिळवली तर व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा व्हावी असे १९६० च्या कायद्याचे कलम २६ सांगते. म्हणून मग नावापुरता स्थानिक मालक उभा करतात, किंवा पंचवीस-तीस वर्षांचे भाडे एकरकमी देऊन शेत घेतात आणि त्यात पोहण्याच्या तलावासह बंगला बांधतात. शेत देणाऱ्याच्या हाती एकदम मोठी रक्कम येते. त्याला दोष देणे सोपे नाही. पण बालीची खाचरे 'सुबाक' या पाणीवाटप मंडळांवर चालतात. पाटाचे पाणी वरच्या शेतातून खालच्या शेतात जाते. मधले दोन मालक बंगल्याला विकले गेले की खालच्या दहा जणांचे पाणी अडचणीत येते. युनेस्कोने २०१२ मध्ये सुबाकच्या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला. ही खाचरे पाहायला जगभरचे लोक येतात, आणि त्यांच्या मुक्कामासाठी बंगले लागतात.

तिसरा गिऱ्हाईक सरकार स्वतः. मध्य जावातील वादास हे गाव. डोंगर उतारावर दुरियान, वेलदोडे, ताडीचा गूळ यांवर जगणारे. बेनेर येथे होणाऱ्या धरणाला दगड हवा, म्हणून या गावचा डोंगर फोडायचे ठरले. गावाने विरोध केला. गावच्या स्त्रियांनी आपली वेगळी संघटना केली; वाटेवर बसून बांबूच्या टोपल्या विणत त्या पहारा देत. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी शेकडो पोलीस मोजणीदारांना घेऊन गावात शिरले आणि त्यांनी साठाहून अधिक लोकांना पकडले. देशभर गहजब झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना सोडले. पुढे बहुतेक मालकांनी मोबदला घेतला. त्यांनी माघार घेतली असे मी म्हणणार नाही. जमीन संपादनाच्या २०१२ च्या कायद्यानुसार मोबदला नाकारला तर तो न्यायालयात जमा होतो आणि जमीन जातेच. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता किती मोकळा होता ते तुम्हीच ठरवा. मोबदला मालकाला मिळाला. त्याच्या डोंगरावर वेलदोडे खुडायला जाणाऱ्या मजूर स्त्रीचे नाव त्या यादीत कशाला असेल?

म्हणूनच मला वाटते की जावातील भूमिहीनाच्या दृष्टीने आज सर्वांत महत्त्वाची जमीन म्हणजे गावाची स्वतःची जमीन. बेंगकोककडे परत येतो असे म्हणालो होतो, ते यासाठी. मुखियाची आणि इतर गावकामगारांची जमीन, शिवाय गावनिधीची जमीन, ही सर्व मिळून कित्येक गावांत बरीच भरते, आणि ती बहुधा ओलिताची असते. २०१४ च्या ग्राम कायद्याने गावांना पुष्कळ अधिकार दिले आणि केंद्राकडून थेट पैसा येऊ लागला. २०२४ मध्ये गावामागे सरासरी तो जवळजवळ शंभर कोटी रुपिया, म्हणजे आपले काही दशलक्ष रुपये, होता. त्या कायद्याच्या पहिल्या नियमांत बेंगकोकचे उत्पन्न गावच्या तिजोरीत जमा करण्याचे ठरले होते. गावकामगारांनी ओरड केली आणि २०१५ मध्ये नियम बदलून ते त्यांना जादा भत्ता म्हणून घेण्याची मोकळीक मिळाली. २०२३ मध्ये मुखियांनी जकार्तात मोर्चे काढले ते मुदत वाढवून मिळावी म्हणून; २०२४ च्या दुरुस्तीने ती ६ वर्षांवरून ८ वर्षे झालीही. त्याच २०२३ मध्ये योग्यकार्ताजवळच्या स्लेमान जिल्ह्यात एका गावच्या मुखियाला अटक झाली. गावनिधीची जमीन एका बिल्डराने भाड्याने घेऊन तिच्यावर घरे बांधून विकली, आणि मुखियाने ते होऊ दिले, असा आरोप होता.

बांधकामाला देण्याइतकी जमीन गावापाशी होती. भूमिहीन बायकांच्या गटाला लावणीसाठी ती देता आली नसती काय? नव्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेत स्त्रियांना, शेतकऱ्यांना आणि गरीब कुटुंबांना बोलावणे आवश्यक आहे; गावच्या मालमत्तेचा विनियोग हा त्या सभेपुढचा विषय आहे. जावातल्या बहुतेक गावचावड्यांसमोर वर्षाच्या जमाखर्चाचा मोठा रंगीत फलक लावलेला असतो. रस्ता इतका, गटार इतके, सभागृह इतके. बेंगकोकचे कोणते खाचर यंदा कोणाला, किती खंडाने दिले, हा प्रश्न त्या फलकासमोर उभे राहून विचारणारी माणसे १९६५ मध्ये मारली गेली किंवा गप्प झाली. त्यांच्या नातवंडांपैकी काहींनी तो आता पुन्हा विचारायला सुरुवात केली आहे.